गावाची भिंत उधईच्या (वाळवीच्या) पद्धतीने, घरटी एक मातीचा तुकडा. जमेल का?

धानपट्टा_मास्तरीण

नमस्कार मंडळी. मी नागभीड तालुक्यातल्या एका गावात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीला यंदा रंग द्यायचा ठरला. सरपंचांच्या डोक्यात नेहमीचंच चित्र होतं: एक झाड, एक मुलगी, खाली ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’. मी म्हटलं, थांबा जी, ही भिंत मला द्या. ते हो म्हणाले, कारण मी पेंटरचा खर्च वाचवते आहे असं त्यांना वाटलं.

शाळेच्या मागे पडीक आहे, तिथे पुरुषभर उंचीची वारुळं आहेत. नागपंचमीला बाया तिथे लाह्या वाहतात आणि आषाढ-श्रावणात पोट्टे पहाटेच पळतात, कारण त्याच्या आसपास सात्या (रानातल्या खायच्या अळंब्या) निघतात. बाजारात सात्यांचा भाव विचारला की मटण स्वस्त वाटतं, ते सोडा. वर्गात मी सांगते, की सात्या हे उधईच्या शेतीचं पीक आहे. ओडोन्टोटर्मिस जातीची ही उधई लाकूड-पालापाचोळा खाते, पण तो तिला नीट पचत नाही. अर्धवट पचलेला माल ती विष्ठेच्या रूपात आत जाळीदार रचते आणि त्यावर टर्मिटोमायसीस नावाची बुरशी पोसते. बुरशी लाकूड फोडते, उधई बुरशी खाते. पाऊस लागला की त्याच बुरशीच्या छत्र्या माती फोडून वर येतात.

मला मात्र शेतीपेक्षा बांधकामाने वेड लावलं आहे. कामकरी उधई आंधळी असते. आराखडा नाही, गवंडी नाही, मुकादम नाही. ती मातीची गोळी लाळेत भिजवून ठेवते, मागून येणारी त्या ताज्या गोळीजवळ आपली गोळी ठेवते. तिला तिथे काय ओढून नेतं, वास, ओल की पृष्ठभागाचा बाक, यावर संशोधक अजून भांडताहेत. पण आधी झालेलं काम पुढच्या कामाला बोलावतं, एवढं नक्की. पिएर-पॉल ग्रासे या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने 1959 साली या प्रकाराला ‘स्टिग्मर्जी’ असं नाव दिलं.

आता आमचं गाव. दीडशेच्या आसपास उंबरे, चार टोल्या (वस्त्या). प्रत्येक घराने तळहाताएवढा एक मातीचा तुकडा घडवायचा, हवा तसा. भाजायचा आणि भिंतीवर लावायचा, एवढीच कल्पना होती. पहिल्या बैठकीत सगळ्यात आधी काय ठरलं असेल? भिंतीचे चार भाग करायचे, टोलीला एक. मग कोणाचा भाग वेशीकडे आणि कोणाचा मुतारीकडे यावर अर्धा तास गेला.

ते मला नको आहे. जो येईल त्याने आधीच्या तुकड्याला लागून आपला लावावा, येण्याच्या क्रमाने, टोली कोणतीही असो, हे मला हवं आहे. आराखडाही काढायचा नाही. चित्रकलेचे सर म्हणतात, आराखड्याशिवाय उकिरडा होईल. तुम्हाला काय वाटतं? शिवाय माती. आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावातला गाळ सध्या शेतात टाकायला काढताहेत, ट्रॉलीच्या ट्रॉली. तो चालेल का? आणि भाजायचं कुठे? आमच्या गावात आता कुंभाराचं चाक राहिलेलं नाही.

चाकावरचा_माणूस

नमस्कार मॅडम. मी पवनीकडचा. घरी चाक आहे, बाप-आजापासून माठ, घट, भुलाबाई हेच काम. तुमचं वाचून बरं वाटलं, पण एक गोष्ट आधी सांगतो. भाजलेला तुकडा शेजाऱ्याचं ऐकत नाही. तुम्ही म्हणता, येणाऱ्याने आधीच्याले लागून लावायचं. लोक घरून बनवून आणतीन, कोणाचा गोल, कोणाचा लांबट, मग मधात फटीच फटी. भिंतीवर माती कमी अन् सिमेंट जास्त दिसन. तुमच्या उधईची गोळी ओली असते म्हणून ते जमते. जुळवाजुळव करायची असन तर ओल्यातच करा.

कशी करायची सांगतो. शाळेच्या वऱ्हांड्यात जमिनीवर राख चाळून पसरवा, त्याच्यावर भिंतीच्या मापाची चौकट आखा. माप दहा बोटाले एक बोट जास्त धरा, माती वाळताना अन् भाजताना तेवढी आटते. पहिला माणूस आपला गोळा ठेवन, घडवन. दुसरा त्याच्या कडेले आपला दाबन. दोघांच्या मधात राख भुरभुरवा म्हणजे चिकटणार नाही. असा जो आला तो बसवत जाईन. रोजचं काम झालं की ओलं बारदान झाका, वरून प्लॅस्टिक. नख लागते पण बोट रुतत नाही, इतकं वाळलं की एकेक सुटा करा, मागून कोरून पोकळ करा. जाडी बोटभर, त्याच्यावर नाही. नवखा माणूस मोठा गोळाच्या गोळा ठेवते अन् आत ओल राहून जाते. आव्यात, म्हणजे भाजायच्या ढिगात, त्या ओलीची वाफ होते अन् तो फुटते, फुटताना शेजारचे चार घेऊन जाते. मागच्या बाजूले आडव्या-उभ्या खाचा पाडा, सिमेंट धरायले. नंबर काडीने कोरा. खडूने टाकाल तर भाजल्यावर काहीच वाचता येणार नाही.

गाळ चालते. मामा तलावाचा गाळ बारीक असते, आमीही तोच वापरतो. पण आत्ताच्या आत्ता लगेच नका घेऊ कामाले. एक ट्रॉली शाळेत टाकून ठेवा, वरचा पाऊस खाऊ द्या. पावसाळाभर भिजली-वाळली माती हातात वेगळीच लागते. मग काड्या-मुळ्या काढा, पाण्यात कालवून चाळा, बारीक रेती अन् चाळलेली राख मिसळा. लीद मिळाली तर उत्तम, घोड्याची नाही तर गाढवाची. ते जळून गेल्यावर आत बारीक जागा राहते, तडा कमी जाते. काळ्या रानाची माती चुकूनही घेऊ नका. कपाशीले चांगली, भांड्याले बेकार. फुगते खूप, आटते खूप, फाटतेच.

अन् चुनखडी पाहा. पांढरा खडा ज्वारीच्या दाण्याएवढा राहिला तरी भाजल्यावर चार-आठ दिवसांनी तिथून खपली उडते. आव्यातून काढताना तुकडा चांगला दिसते, भिंतीवर लावल्यावर दगा देते.

धानपट्टा_मास्तरीण

दादा, चुनखडीचं कारण मला वर्गात शिकवता येईल असं आहे. कॅल्शियम कार्बोनेट भाजून कळीचा चुना होतो, तो हवेतली ओल ओढून फुगतो आणि वरची माती ढकलून देतो. संडास धुवायच्या ॲसिडचा थेंब टाकून फेस येतो का पाहते, मुलांचा प्रयोगही होईल. आणि ओल्यातच जुळवायचं, हे तर माझ्या सगळ्या कल्पनेलाच पायावर उभं करणारं आहे. मी उधईबद्दल वर्षानुवर्षं शिकवते आणि गोळी ओली असते याचं महत्त्व तुम्ही सांगता!

राखी_रंगाचा_कागद

मी मूळची आरमोरीची, सध्या पुण्यात शिल्पकला शिकवते. आराखड्याच्या प्रश्नावर बोलते. चित्रकलेच्या सरांची भीती खोटी नाही, पण त्यावर उपाय आराखडा नाही. नियम द्या, अगदी थोडे.

अँटनी गॉर्मली या ब्रिटिश शिल्पकाराने 1993 मध्ये इंग्लंडमधल्या सेंट हेलेन्समध्ये तिथल्या शंभरेक माणसांकडून विटांच्या मातीचे सुमारे 40,000 पुतळे करून घेतले. पोरंसोरं, म्हातारी, सगळी. सांगितलं एवढंच, की हातात मावावा, उभा राहावा आणि त्याला दोन डोळे असावेत. बाकी ज्याचा त्याचा हात. 2003 मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या एका गावात साडेतीनशेच्या आसपास लोकांनी असेच जवळपास दोन लाख पुतळे केले. ते सगळे जमिनीवर दाटीने उभे करतात, आपल्याला आत पाऊलही टाकता येत नाही, दारातूनच पाहायचं. तिथून त्या सगळ्या डोळ्यांची नजर आपल्यावर असते. मला तो प्रकार आवडतो, पण एक खटकतं. पुतळा घडवताना कोणाला शेजारचा पुतळा बघायची गरज नव्हती. तुमच्या भिंतीत ती गरज आहे आणि म्हणून तुमचं काम त्याच्या पुढचं ठरू शकतं.

उलट टोकाचं उदाहरण आय वेवे या चिनी कलाकाराचं. 2010 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात त्याने चिनी मातीच्या सुमारे दहा कोटी सूर्यफुलाच्या बिया पसरल्या. चीनमधल्या जिंगदेझेनच्या 1,600 कारागिरांनी त्या हाताने केल्या, रंगवल्या. भव्य खरं, पण कारागिराला दिलेलं काम ठरलेलं. तुम्हाला ते नकोय. ते उदाहरण दुसऱ्याच कारणासाठी लक्षात ठेवा. लोक त्या बियांवरून चालायला लागले आणि उडणाऱ्या धुळीमुळे काही दिवसांतच चालणं बंद करावं लागलं. सुक्या मातीच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात साठते. तेव्हा मुलांना वाळलेले तुकडे कोरडे घासू देऊ नका आणि वऱ्हांडा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

माझे नियम असते तर असे: शेजाऱ्याच्या कडेला तुझी कड लागली पाहिजे; शेजाऱ्याच्या तुकड्यातली एक रेघ, खाच किंवा उंचवटा तुझ्या तुकड्यात पुढे गेला पाहिजे; जाडी बोटभर. संपलं. कोणी बैल करो, कोणी धानाची लोंबी करो, रेघ पुढे चालत राहील आणि उकिरडा होणार नाही.

रंगासाठी ग्लेझच्या (काचेसारख्या लेपाच्या) भानगडीत पडू नका. गेरू पाण्यात कालवून ओल्या तुकड्यावर चढवला की लाल मिळतो. काळा हवा असेल तर धुरात कोंडायचा. माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा या आपल्या नागपूरच्या आसपासच्या महापाषाण काळातल्या जागांवर काळी-तांबडी भांडी सापडली आहेत. एकाच मातीची, रंग न लावता. जिथे हवा लागली तिथे तांबडी, जिथे कोंडली तिथे काळी. मातीतल्या लोहाचा खेळ आहे. भाजण्याआधी एकदा भद्रावतीला जाऊन या. कृष्णमूर्ती मिरमिरांनी तिथे ग्रामोदय संघ उभा केला, माती आणि सिरॅमिकचं काम पाहायला तुमच्याइतक्या जवळ दुसरं ठिकाण नाही.

वरुडचा_वाकडा

सगळं छान चाललंय, मी जरा खोडा घालतो. मॅडम, टोल्यांचे चार भाग नकोत म्हणून तुम्ही उधईकडे गेलात. उधईकडे काय आहे? राजा, राणी, सैनिक, कामकरी. राणी आयुष्यभर अंडी घालते. सैनिकाचे जबडे असे, की त्याला स्वतःहून खाताही येत नाही, कामकरी भरवतात. ज्याला जे काम लागलं त्यातून सुटका नाही. हेच आपण हजारो वर्षं केलं आणि तेच परत भिंतीवर लावायचं?

दुसरं, ‘उंबरे’ मोजताय. ज्याला उंबराच नाही त्याचं काय? वीटभट्टीवरची कुटुंबं, रस्त्याच्या कडेला पालं टाकून राहणारे. आणि तुमच्या भागातून निम्मं गाव धान झालं की तेलंगणात मिरची तोडायला जातं. जानेवारीत भिंत केलीत तर भिंतीवर फक्त शेतीवाले आणि नोकरीवाले राहतील. ‘सगळ्या गावाची’ असा बोर्ड मात्र लागेल.

धानपट्टा_मास्तरीण

वाकडेसाहेब, दुसरा मुद्दा आधी घेते कारण तो माझ्या डोक्यातही नव्हता आणि तो खरा आहे. माझ्याच वर्गातल्या मुली फेब्रुवारीत गायब असतात, आईबरोबर मिरचीला. तेव्हा काम मळणी संपताच, डिसेंबरात. आणि घरटी एक असं न म्हणता, त्या दिवसांत गावात जो आहे तो, असं म्हणू. वीटभट्टीवरच्यांना मी स्वतः जाऊन सांगते. त्यांचा हात मातीत आमच्यापेक्षा चांगला चालतो.

पहिल्या मुद्द्यावर मात्र मी मागे हटणार नाही. वारुळाच्या आत काय चालतं ते मी मुलांपासून लपवत नाही, राणीचं पोटही फळ्यावर काढते. पण मला तिथून घ्यायची आहे ती फक्त बांधायची रीत. माती ठेवताना तिथे राणीचा हुकूम चालत नाही, तिला बाहेर काय बांधलं जातंय हे कळतही नसतं. आणि एक तपशील: मधमाश्यांत कामकरी सगळ्या माद्याच, उधईत कामकरी नर आणि मादी दोन्ही असतात. आमच्याकडे मातीला हात लावायचं ठरलं की पुरुष खुर्चीवर बसून सूचना करतात, म्हणून हा तपशील मी बैठकीत मुद्दाम सांगितला. फारसा उपयोग झाला नाही.

ताई, तुमचा रेघ पुढे नेण्याचा नियम मी उचलला. चित्रकलेच्या सरांनाही पटला. ते आता म्हणतात, कल्पना मुळात माझीच होती. असो.

पुलाखालचा

मी पक्षी पाहतो, मातीकाम मला कळत नाही. वैनगंगेवरच्या कुठल्याही जुन्या पुलाखाली उभे राहा आणि वर बघा. रेषाळ कंठाच्या भिंगऱ्यांची घरटी, चिखलाच्या गोळ्यांची, एकमेकांना चिकटून, भिंत सामाईक, तोंड मात्र प्रत्येकाचं वेगळं. शेकड्याने असतात. तुमच्या भिंतीला आणखी नमुना हवा असेल तर हा. थोड्या तुकड्यांना पोकळ कुपीसारखं तोंड ठेवा. कुंभारीण माशी स्वतःची मडकी स्वतः करते, त्यात अंडं घालून अळ्या भरते, तिला तयार भोकं लागत नाहीत. पण इतर बऱ्याच एकट्या राहणाऱ्या माश्यांना लागतात. एका वर्षात भाडेकरू येतील.

धानपट्टा_मास्तरीण

भोकं ठेवायची कल्पना भारी आहे, शाळेच्या समितीला मात्र माश्या हा शब्द मी सांगणार नाही.

उंचवट्यांबद्दल एक भर घालते. आपल्याकडच्या वारुळाला बाहेरून उभ्या पाळ्या (कंगोरे) असतात, त्या शोभेच्या नाहीत. 2015 मध्ये बंगळुरूजवळ याच ओडोन्टोटर्मिस जातीच्या वारुळांत हवेचा वेग मोजला गेला. दिवसा बाहेरच्या पाळ्या लवकर तापतात, त्यातून हवा वर चढते आणि मधल्या पोकळीतून खाली उतरते. रात्री उलट. म्हणजे दिवस-रात्रीच्या तापमानाच्या फरकावर वारूळ श्वास घेतं. ब्रह्मपुरीच्या मे महिन्यात राहणाऱ्यांना याचं कौतुक वेगळं सांगावं लागत नाही. तेव्हा सपाट टाइल्ससारखं काही नकोच, उभ्या पाळ्या हव्यात.

एक प्रश्न उरला, नावाचा. लोकांना तुकड्यावर नाव हवंय. समोर नाव आलं की आडनाव आलं आणि आडनाव आलं की पुन्हा टोली आली. मी म्हटलं नाव मागे कोरा, नंबराशेजारी, जे भिंतीत जाईल. बऱ्याच जणांना पटलं. ज्यांनी भिंतीसाठी सिमेंटच्या गोण्या देऊ केल्या आहेत त्यांना पटलेलं नाही.

राखी_रंगाचा_कागद

सिमेंटवाल्यांना बाजूला वेगळी पाटी द्या, पेंटरकडून रंगवून. सरपंचांचा पेंटरही खूश.

चाकावरचा_माणूस

मॅडम, नावाचं तुमचं तुमी पाहा, मी भाजायचं सांगतो. डिसेंबरात करता हे चांगलं केलं. तेव्हा नवं तणस (धानाचा पेंढा) असते, हवा कोरडी असते. पण थंडीत माती सावकाश वाळते, घाई करू नका. तुकडे सावलीत पंधरा दिवस तरी ठेवा, मग दोन दिवस ऊन. गालाले लावून पाहा, थंड लागला तर आत ओल आहे.

भट्टी बांधायची गरज नाही, शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात उघडा आवा लावू. खाली गवऱ्या, मधात तुकडे, पुन्हा गवऱ्या, वर तणसाचा थर, त्याच्यावर चिखलाचा लेप अन् राख. बाजूने भोकं. पहिले तीन-चार तास फक्त धूर निघाला पाहिजे, जाळ नाही. कोणी पोट्टा उत्साहात फुंकायले गेला तर हाकला. त्या वेळेतच सगळी ओल बाहेर येते. मग रातभर आपोआप चढते. एका ट्रेनिंगात मीटर लावून दाखवलं होतं, आठशे अंशाच्या आसपास गेलं. दुसऱ्या दिवशी उघडायची घाई नको, पुरता थंड होऊ द्या. काळे तुकडे पाहिजे असन तर ते एका जुन्या माठात कोंड्यासंगं भरून, तोंड लिंपून, त्याच आव्यात ठेवतो. चुनखडीची शंका असन तर गरम-कोमट असतानाच तुकडे पाण्यात बुडवून ठेवा, चुना तिथंच विरते, मागून त्रास देत नाही.

मी दोन दिवस येईन. मजुरी नको, जेवण अन् यायचं-जायचं तिकीट पाहा. गवऱ्या दोन ट्रॉल्या लागतीन. त्या आत्तापासून सांगून ठेवा, पावसाळ्यात थापल्या जात नाहीत अन् हिवाळ्यात सगळे आपापल्या चुलीसाठी दडवून ठेवतात. अन् दहा-वीस गोळे जास्तीचे करून ठेवा. फुटतीन तर त्याच्या जागी लावायले कामी येतीन, अन् उशिरा येणारा एखादा असतेच.